शिळा, वही आणि वंशकथा

दिल्लीच्या दक्षिण भागातील मुनिरका हे जुने गाव आज शहराच्या पोटात आले आहे. त्याच्या आसपास, रामकृष्णपुरम् आणि वसंत विहार या वसाहतींच्या घरांमधून लोदी काळातील काही घुमट अद्याप उभे आहेत. त्यांपैकी एकास वझीरपूरचा गुंबद म्हणतात, दुसरा बिजरी खानाचा मकबरा म्हणून ओळखला जातो, तिसऱ्यास बडा लाओ का गुंबद असे नाव आहे. पहिले नाव एका गावाचे आहे. दुसरे व्यक्तीचे असले तरी ती व्यक्ती कोण, याची माहिती इतिहासास नाही. तिसरे लोकांनी आपल्या सोयीने दिलेले आहे. वझीरपूरच्या घुमटांपाशी कनाती मशीद आहे, बावडी आहे, आत कबरी आहेत. परंतु तेथे कोण निजले आहे हे सांगणारे अक्षर नाही. सर सय्यद अहमद खान यांचा ‘आसार-उस्-सनादीद’ १८४७ साली प्रसिद्ध झाला, आणि १९१६ ते १९२२ या काळात मौलवी जफर हसन यांनी दिल्ली प्रांतातील वास्तूंची यादी चार खंडांत सिद्ध केली. या दोन्ही ग्रंथांनी दिल्लीतील शिलालेख परिश्रमपूर्वक उतरवून घेतले. पण जेथे लेखच नाही तेथे ग्रंथकारास आकार व शैली यांचे वर्णन करून थांबावे लागते.

ज्यांच्या शेतांच्या कडेला हे घुमट शतकानुशतके उभे होते, त्या मुनिरक्यातील टोकस गोत्राच्या जाटांना आपला वंश सांगावयास थडग्याची गरज कधीच भासली नाही. त्यांचा वंश गोत्राच्या नावात असतो, भाटाच्या पोथीत असतो आणि हरिद्वारच्या पंड्याच्या वहीत असतो. म्हणजे एकाच भूमीवर दोन प्रकारची स्मृती नांदत आली. एकीपाशी शिळा आहे, पण नाव नाही. दुसरीपाशी नावे आहेत, पण शिळा नाही. कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्यास या दोहोंपैकी कशावर विश्वास ठेवावा असा प्रश्न पडतो, आणि तो प्रश्न इतिहाससंशोधकाचा आहे असे आपण सहसा मानतो. वस्तुतः तो वाङ्मयसमीक्षेचाही प्रश्न आहे. थडग्यावरील लेख हा पुरावा ठरण्यापूर्वी एक रचना असतो. कोणीतरी, कोणासाठी तरी, एका विशिष्ट संकेताच्या चौकटीत ती केलेली असते. ती कशी वाचावी हे ठरविल्यावाचून तिच्यातून वंश काढू पाहणे म्हणजे काव्यातून चरित्र काढू पाहण्यासारखे आहे. त्या उद्योगातील धोके मराठी समीक्षेने पुष्कळ पाहिले आहेत.

*

मराठी भाषकांपुरते बोलावयाचे तर हा विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. बहुसंख्य मराठी समाज आपल्या मृतांना अग्नी देतो आणि अस्थी नदीत सोडतो. त्याच्या स्मशानात वाचण्याजोगे काही उरत नाही. त्याची वंशस्मृती वहीकडे गेली. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत यात्रेकरू आपले, बापाचे, आजाचे, भावांचे नाव, गाव आणि तिथी लिहून देतो. पुष्कळदा ते हस्ताक्षर त्याचे स्वतःचे असते. विसाव्या शतकात घराण्याघराण्यांचे कुलवृत्तान्त छापले गेले, तेव्हा या नामावळींचा उपयोग झाला. कुलवृत्तान्त हा मराठीतील एक स्वतंत्र आणि बराचसा उपेक्षित असा ग्रंथप्रकार आहे. त्याची गद्यशैली कोरडी. पण त्यातील मौने बोलकी असतात. मूळ पुरुषापासून शाखा फुटत जातात, दत्तकाची नोंद होते, कोणी देशावर गेला, कोणी निपुत्रिक वारला. स्त्रिया मात्र येतात त्या सासरच्या नावाने. माहेरचे नाव कंसात आले तर आले. विवाहात मुलीचे नाव बदलण्याच्या रीतीमुळे अर्धा वंश शाईतूनच नाहीसा होतो.

दगड मराठी मुलुखात नव्हते असे मात्र नाही. गावोगावच्या वेशीवर आणि देवळापुढे वीरगळ उभे आहेत. तळच्या चौकटीत युद्ध आणि मरण, वरच्या चौकटीत अप्सरांनी नेलेला वीर, त्याहून वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश आणि कडेला चंद्रसूर्य, असा त्यांचा ठरलेला घाट असतो. सतीशिळेवर बांगड्या ल्यालेला हात असतो. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर नौकायुद्धाचे अपूर्व शिल्प आहे. परंतु महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळ निरक्षर आहेत. ज्या गावाने तो दगड उभा केला त्या गावास वीराचे नाव ठाऊक होते. ते कोरण्याची त्यास निकड वाटली नाही. पुढे गाव विसरले, दगडास शेंदूर लागला आणि एका पूर्वजाचा देव झाला. मुनिरक्याच्या घुमटाची आणि वीरगळाची कथा येथे एक होते. ज्या वाचकास उद्देशून स्मारक केलेले असते तो वाचक गेला की स्मारक मुके होते.

याच्या उलट टोकास तंजावरचा लेख आहे. तेथील बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांच्या कारकिर्दीत, १८०३ साली, भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरले गेले. इतका प्रदीर्घ मराठी शिलालेख दुसरा नाही. वंशकथा दगडावर लिहिण्याची मराठी भाषेतील ही सर्वांत भव्य हौस होय. पण ती वाचताना बखर वाचीत असल्याचा भास होतो, कारण ती बखरच आहे. कागदाऐवजी दगडावर लिहिली म्हणून तिचे स्वरूप पालटत नाही. दगड टिकाऊ असतो. त्यावरून तो अधिक सत्य असतो असे मात्र ठरत नाही, आणि ही गल्लत वंशशोधकाच्या हातून वारंवार घडते.

या दोन टोकांच्या मध्ये मराठी मनाने एक तिसरी कल्पना जपली आहे. चोखामेळा १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता दरडीखाली इतर मजुरांसह गाडला गेला. नामदेव तेथे गेले तेव्हा हाडांचा ढीग तेवढा उरला होता. ज्या अस्थींतून विठ्ठलाचे नाम ऐकू आले त्या चोख्याच्या, अशी ओळख पटवून त्यांनी त्या पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांना समाधी दिली, अशी परंपरा आहे. ही कथा चमत्काराची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ज्याच्या नावाचा दगड कोणी उभारला नसता, ज्याची नोंद कोणत्याही उपाध्यायाच्या वहीत झाली नसती, अशा मजुराच्या हाडांना नाव परत मिळवून देण्याची ती कथा आहे. नाव कोणास मिळावे, हा वंशशोधाच्या मुळाशी असलेला सामाजिक प्रश्न तिने सहा शतकांपूर्वी विचारून ठेवला आहे.

*

ज्यांच्या थडग्यांवर मराठी अक्षर आहे असे समाजही महाराष्ट्रात आहेत. मराठी ख्रिस्ती आहेत. आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बेने इस्राएल आहेत. अलिबाग तालुक्यात दोन स्थळे एकमेकांपासून फार दूर नाहीत. अलिबागच्या दक्षिणेस आक्षी आहे. तेथील शिलालेख हा सर्वांत प्राचीन मराठी शिलालेखांपैकी एक. उत्तरेस किहीमजवळ नवगाव आहे. बेने इस्राएलांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत याच किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि वाहून आलेली प्रेते त्यांनी नवगावास पुरली. त्या जागी मातीचे उंचवटे होते. नाव एकही नव्हते. स्मारकस्तंभ उभा राहिला तो फार पुढे. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इंग्रजी इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीव येथे. त्यांच्या मते हे आगमन ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील आहे. इतर अभ्यासकांची मते निराळी आहेत. तो वाद येथे प्रस्तुत नाही. ज्या समाजाच्या इतिहासाचे पहिले पान म्हणजे एक निनावी दफनभूमी आहे, तो समाज पुढे आपल्या थडग्यांवर काय लिहितो, हे पाहणे प्रस्तुत आहे.

कोकणात हे लोक तेलाच्या घाण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांस शनिवार तेली म्हणत. त्यांची आडनावे गावांवरून पडली : पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर. त्यांची नावेही कोकणी वळणाची झाली. मुंबईच्या मांडवी भागात १७९६ साली पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हे कंपनीच्या फौजेतील अधिकारी; लोकांत ते समाजी हसाजी दिवेकर होते. मशीद बंदर हे नाव याच प्रार्थनामंदिरावरून पडले असे सांगितले जाते. आता एखाद्या वंशजाने या घराण्याचा शोध घ्यावयाचे ठरविले तर त्याने कोणते नाव शोधावे? दिवेकर म्हणावे तर त्या आडनावाची ब्राह्मण घराणीही आहेत. समाजी हसाजी म्हणावे तर एखाद्या मराठा शिलेदाराचे नाव वाटावे. सॅम्युएल इझिकिएल म्हणावे तर कोकणचा मागमूस राहत नाही. तिन्ही नावे खरी आहेत. त्यांतील कोणतेही एक मूळ आणि इतर दोन त्याचे विकार, असे म्हणता येत नाही.

प्रारंभीच्या थडग्यांवर अक्षर नसण्याचे एक कारण उघड आहे. समाजातील हिब्रूचे ज्ञान क्षीण झाले होते. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी ते पुन्हा रुजविले, डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे छापली. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा हग्गादा मराठी भाषांतरासह निघाला. आणि १८८०पासून पवित्र शास्त्रातील कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. म्हणजे धर्मभाषा या समाजास मराठीच्या मध्यस्थीने परत मिळाली. थडग्यांवरील लेखांत हीच घडामोड संक्षेपाने कोरलेली दिसते.

ज्या शिळांवर हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा येतात त्यांची घडण समीक्षकाने लक्षपूर्वक पाहावी. हिब्रू ओळीस संकेत आहे. आरंभी ‘येथे पुरले आहे’ या अर्थाची दोन अक्षरे, मग मृताचे नाव आणि बापाचे नाव, अखेरीस शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील एका वचनाचे पाच अक्षरांत केलेले संक्षेपरूप. या ओळीत आडनाव नसते. ईश्वरापुढे मनुष्य उभा राहतो तो अमक्याचा पुत्र किंवा अमक्याची कन्या म्हणून. मराठी ओळीत गावाचे आडनाव येते. शेजाऱ्यांपुढे तो पेणचा किंवा रोह्याचा आहे. इंग्रजी ओळीत पुष्कळदा हुद्दा येतो, पलटण येते, रेल्वेचे खाते येते. सरकारपुढे तो नोकर आहे. एका माणसाबद्दल तीन भाषांनी एकच मजकूर तीनदा सांगितला आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. प्रत्यक्षात त्या तीन ओळींत तीन नाती नोंदलेली असतात, आणि एकीचे भाषांतर दुसरीत होत नाही.

याचे महत्त्व स्त्रीच्या थडग्यापाशी विशेष जाणवते. मराठी ओळ तिला नवऱ्याच्या नावाने ओळखते. हिब्रू ओळ तिच्या बापाचे नाव सांगते. ज्या वंशशोधकास हिब्रू येत नाही, त्याच्या लेखी ती स्त्री नवऱ्याच्या घरातच जन्मते आणि तेथेच मरते. ज्यास येते, त्यास त्या एका ओळीतून दुसऱ्या घराण्याचे दार उघडते. कुलवृत्तान्तातील कंसाने जे क्वचित साधते ते येथे संकेतानेच साधले आहे. धार्मिक साचा हा व्यक्तीस गिळून टाकतो असे आपण म्हणतो, पण येथे साच्यानेच व्यक्तीचे अर्धे कूळ वाचविले आहे.

*

शिळेशेजारी दप्तर ठेवले म्हणजे वाचन अधिक अवघड होते. दफनाच्या नोंदींची युरोपीय परंपरा जुनी आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली विवाहाच्या नोंदी बंधनकारक केल्या. १६१४च्या रोमन विधिग्रंथाने मृतांच्या नोंदवहीचा नमुना घालून दिला. गोव्यातील चर्चांमधून बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या गेल्या. तेथे थडगे बहुधा कायमचे नसते. काही वर्षांनी तेच खाचर दुसऱ्यास मिळते आणि पहिल्याच्या अस्थी भिंतीतील कोनाड्यात जातात. म्हणून गोव्याचा वंशशोधक दगडाकडे न जाता वहीकडे जातो आणि वांगडाच्या परंपरेसाठी गावकारीच्या कागदांकडे वळतो. मुंबई इलाख्यातील ख्रिस्ती दफनांच्या नोंदींच्या प्रती ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून लंडनला पाठविल्या जात. १७०९पासूनच्या त्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेल्या आहेत. कारकुनी शिस्तीचा तो एक मोठा संग्रह आहे.

या वह्यांतील नोंद आणि शिळेवरील लेख यांत अंतर आढळले की नवखा शोधक गोंधळतो. वास्तविक ते अंतर पुष्कळदा समजण्याजोगे असते. वही दफनाचा दिवस लिहिते, शिळा मृत्यूचा. वहीतील वय धर्मोपदेशकाने ऐकून लिहिलेले असते, शिळेवरील वय कुटुंबाने ठरविलेले असते. यहुदी दिवस सूर्यास्तास सुरू होतो, म्हणून दिवेलागणीनंतर वारलेल्या मनुष्याची हिब्रू तिथी इंग्रजी तारखेच्या एक दिवस पुढे दिसते. हिब्रू वर्ष शरद ऋतूत पालटते, शके चैत्रात, इसवी जानेवारीत. शिवाय शिळेवर हजाराचा आकडा गाळण्याची रीत आहे. ७०८ असा अंक दिसला तर ते ५७०८ होय, म्हणजे १९४७च्या शरदापासून १९४८च्या शरदापर्यंतचा काळ. शकात ७८ मिळवावे की ७९ हे मासावर ठरते. ही गणिते जमली की निम्मे विरोध मावळतात.

उरलेले निम्मे मात्र गणिताने सुटत नाहीत, आणि समीक्षेचे खरे काम तेथे सुरू होते. शिळेवर ‘ज्येष्ठ पुत्र’ म्हटले असेल आणि वहीत त्याच्याआधी दोन अपत्ये पुरल्याची नोंद असेल, तर शिळा खोटे बोलते काय? कुटुंबाच्या बोलीत बालपणी गेलेली मुले मोजावयाची नसतात. शिळेने कुटुंबाची बोली उतरविली, वहीने देहांची संख्या उतरविली. एका पत्नीचा उल्लेख शिळेवर असेल आणि दुसरीचा नसेल, तर शिळेचा खर्च कोणी केला हे विचारावे लागते. धर्मांतर केलेल्या मुलाचे नाव गाळले असेल तर तेथे एक भांडण गोठलेले आहे. दप्तर आणि शिळा यांच्यात निवाडा करून एकास खरे आणि दुसऱ्यास खोटे ठरविणारा संशोधक कुटुंबाचा इतिहास मिळविण्याऐवजी तो हरवून बसतो. कारण त्या दोहोंतील विसंगतीच्या जागीच त्या कुटुंबाने काय सोसले, काय झाकले आणि काय मिरविले हे उमटलेले असते.

*

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. थडग्यावरील लेख ठराविक शब्दांचे असतात. त्यांत व्यक्तित्व नसते, मग त्यांस वाङ्मय कसे म्हणावे? इंग्रजी समीक्षेने हा प्रश्न फार पूर्वी गांभीर्याने घेतला. डॉ. जॉन्सन यांनी १७४० साली या प्रकारावर निबंध लिहिला. वर्डस्वर्थ यांचा यावरील पहिला निबंध १८१० साली प्रसिद्ध झाला. जॉन्सन यांची दृष्टी नीतीची आहे. मृताचे सद्गुण जिवंतांस अनुकरणीय व्हावेत, यासाठी स्तुती असावी, पण ती असत्य नसावी, अशी त्यांची भूमिका. वर्डस्वर्थ खोल जातात. मृताचे चित्र प्रेमाच्या धुक्यातून दिसावे, दोष त्यात विरून जावेत, आणि तरीही ते सत्यच असते, कारण प्रेम हाही सत्य जाणण्याचा एक मार्ग आहे, असा त्यांचा आशय आहे.

वर्डस्वर्थ यांचे म्हणणे काव्यदृष्ट्या मोहक आहे, पण वंशशोधकाने ते जपून स्वीकारावे. प्रेमाच्या धुक्यात दोष विरतात तशी माणसेही विरतात. शिवाय जो स्वतःच्या आजोबांचा शोध घ्यावयास निघाला आहे तो तटस्थ वाचक नसतो. त्यास धुके हवेच असते. सुभेदार आजोबा सापडले की तो थांबतो, घाणेवाले पणजोबा शोधावयास तो तितक्या हौसेने जात नाही. म्हणून त्यास एका परक्या वाचकाची, म्हणजे समीक्षकाची, सोबत लागते.

आणि साच्याच्या आक्षेपाविषयी म्हणावयाचे तर मराठी समीक्षेस तो शोभत नाही. आरती साच्याची असते, पत्राचा मायना साच्याचा असतो, ओवी तर साच्यावरच जगते. साचा माहीत असला म्हणजेच तो कोठे वाकला हे कळते. ज्या ओळीत ठरलेल्या विशेषणाऐवजी एक साधा घरगुती शब्द येतो, ज्या शिळेवर हिब्रू अक्षरे मराठी हाताने कोरल्यामुळे अडखळतात, तेथे वाचकाने थबकले पाहिजे. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ साली ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा संग्रह सिद्ध केला, तेव्हा दानलेख आणि शापवचने ही मराठी गद्याची आद्य रूपे म्हणून आपण मान्य केली. दगडावरील मराठी अकराव्या-बाराव्या शतकातील असली तर ती वाङ्मयेतिहासात बसते आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील असली तर ती स्मशानात पडून राहते, या भेदास काही तात्त्विक आधार नाही.

*

हा भेद केल्याने काय गमावले जाते ते बेने इस्राएल लेखकांच्या कृती पाहिल्या म्हणजे उमगते. निसिम इझिकिएल यांनी ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ या कवितेत आपल्या पूर्वजांची वंशावळ अवघ्या काही फटकाऱ्यांत दिली आहे. बिया दळून पोट भरणारे पूर्वज तिच्यात आहेत आणि इंग्रजी फौजेतील एक मेजरही आहे. घाणा आणि पलटण हे दोन्ही धागे त्यांनी धरले. पण ते इंग्रजीत, आणि कवीच्या नावात गावाचा ‘कर’ उरलेला नाही. तिन्ही भाषांच्या शिळेवरील मराठी ओळ जणू पुसली गेली आहे. तथापि याच कवीने वृंदा नाबर यांच्या सहकार्याने इंदिरा संत यांच्या कवितांची इंग्रजी भाषांतरे केली, हे विसरता येत नाही. त्यांच्या कवितेतून गळालेली मराठी ओळ त्यांच्या भाषांतरात परत आली.

मीरा महादेवन यांची ‘अपना घर’ ही हिंदी कादंबरी १९६१ची. इस्राएलला जावे की येथेच राहावे, या प्रश्नाने दुभंगलेले कुटुंब तिच्यात आहे. १९४८नंतर या समाजातील बहुसंख्य लोक देश सोडून गेले. त्या निघण्याच्या क्षणी ‘आपले घर’ म्हणजे कोणते, हे ठरविताना पूर्वजांची माती हा निव्वळ भावनेचा विषय राहत नाही. एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ एस्थर’मध्ये कोकणातील दांड्यापासून अहमदाबादपर्यंत पिढ्यांचा प्रवास आहे, आणि २०१० साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळालेल्या ‘बुक ऑफ रेचेल’मध्ये सगळे निघून गेल्यावर किनाऱ्यावरच्या ओस सिनेगॉगची राखण करणारी एकटी वृद्धा आहे. तिन्ही लेखकांनी आपापल्या परीने शिळेवरील मजकुरामधील रिकाम्या जागा भरल्या आहेत. परंतु एकाने इंग्रजी, एकीने हिंदी, पुन्हा एकीने इंग्रजी भाषा निवडली. ज्या भाषेत त्यांचे पूर्वज कीर्तन ऐकत आणि थडग्यावर आडनाव कोरीत, त्या मराठीत ही वंशकथा या तोलाने अवतरली नाही. तिची मराठी संहिता कोकणातल्या व मुंबईतल्या शिळांवर, तुकड्यातुकड्यांनी, पडलेली आहे. ती वाचल्यावाचून या कृतींचे मराठी भाषांतर करू पाहणाऱ्यास त्यांतील माणसे घरात कोणत्या नावाने हाक मारीत असतील हेही सांगता येणार नाही.

दिल्लीत हुमायून मार्गावर ज्यूडा हायम सिनेगॉग आहे. ते १९५६ साली उभे राहिले. त्याच्या शेजारी लहानशी दफनभूमी आहे. कोलकत्त्याच्या बगदादी यहुदी घराण्यातील लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांचे दफन २०१६ साली तेथेच झाले. राजधानीतील या समाजाची कुटुंबे मोजकी, आणि त्यांपैकी काहींचे मूळ कोकणात. कोकणापासून इतक्या दूर आलेल्या घरास आपला वंश सांगताना शेजारी गाव नसते, भाट नसतो, उपाध्यायाची वही नसते. नावाची शिळा तेवढी असते. यहुदी रीतीप्रमाणे थडग्यास भेट देणारा फुले न वाहता एक लहान खडा ठेवतो. कोणी येऊन गेले, एवढेच तो खडा सांगतो. अलिबागेच्या बाजूच्या गावांतून जेथे समाजच उरला नाही तेथे असा खडा ठेवण्यास कोणी येत नाही; आणि कोकणातील पाऊस व खारा वारा अक्षरांस फार काळ टिकू देत नाही.

या शिळांवरील लेख तिन्ही भाषांत, ओळीस ओळ लावून, उतरवून घेणे हे काम इतिहासमंडळांचे आहे तितकेच वाङ्मयाच्या अभ्यासकांचे आहे. त्यासाठी हिब्रू जाणणारा, कोकणी वळणाची नावे ओळखणारा आणि कारकुनी इंग्रजी वाचणारा अशा तिघांनी एकत्र बसावे लागेल. एका भाषेवर भागणार नाही. मृताच्या नावाबरोबर दगड कोणी घातला, कोणती ओळ आधी आली, कोणते नाते गाळले, हेही टिपावे लागेल. मुनिरक्याच्या घुमटांखाली निजलेल्यांसाठी आता काही करता येण्याजोगे उरलेले नाही. त्यांचा वाचक पाचशे वर्षांपूर्वीच निघून गेला. कोकणातील अक्षर अजून पुरते झिजलेले नाही, आणि ते वाचू शकणारी शेवटची पिढी, मुंबईत असो वा इस्राएलमध्ये, अद्याप मराठी बोलते.